टोपीचा नंबर आणि डोक्याचा आकार

पुण्यात हेल्मेटचा विषय काढा आणि गंमत बघा. सक्ती हवी की नको यावर माणसं चहा गार होईपर्यंत भांडतील. मानेचं दुखणं निघेल, केस गळणं निघेल, 'मागचा हॉर्न ऐकू येत नाही' हे निघेल आणि शेवटी 'आमच्या डोक्याचं आम्ही बघून घेऊ' इथे गाडी येऊन थांबेल. एवढ्या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ते हेल्मेट डोक्याला बसतं का?

मी सायकलवाला. सोमवार ते शुक्रवार पुण्यात कोड लिहितो आणि जमेल तेव्हा वीकेंडला गावी, म्हणजे रहिमतपूरला येतो. (तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. पुणे-मिरज लाइनवर स्टेशन आहे. 'नाटककार वसंत कानेटकरांचं जन्मगाव' असं सांगितलं की बऱ्याच जणांना चटकन ओळख पटते.) इथून सायकल काढली की औंध, कोरेगाव, कुठेही जावं. उसाच्या ट्रॉल्यांचा सीझन सोडला तर रस्ता बराचसा आपलाच असतो.

आता, आपल्या मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती इंजिनवाल्या दुचाकीला आहे, सायकलला नाही. म्हणजे सायकलवर हेल्मेट घालायचं ते स्वतःच्या मर्जीनं. आणि मर्जीचा मामला असला की टोचणारी वस्तू माणूस दुसऱ्या आठवड्यात खुंटीला अडकवतो. पोलीस नाही, दंड नाही. त्यामुळे सायकलच्या बाबतीत तरी 'नीट बसणं' हाच खरा कायदा आहे, असं माझं मत आहे.

माझ्या घरातलंच उदाहरण देतो. माझा धाकटा भाऊ आणि मी, दोघांच्या डोक्याचा घेर टेपनं मोजला तर फरक दोन-तीन मिलिमीटरचा. म्हणजे दुकानदाराच्या हिशोबानं दोघांनाही एकच साइज. पण तेच हेल्मेट त्याच्या डोक्यावर असं बसतं की जणू मापं देऊन शिवून घेतलंय. माझ्या डोक्यावर ते दोन्ही कानशिलांवर चिमटा काढतं आणि कपाळापाशी चक्क बोट जाईल एवढी फट राहते. एका तासाच्या राइडनंतर कानशिलं ठणकायला लागतात. आईचं यावरचं निदान ऐकण्यासारखं आहे: "तुझ्या वेळी आज्जी धडधाकट होत्या. मोहरीची उशी करून तुझं डोकं गोल केलं त्यांनी. ह्याच्या वेळी त्या थकल्या होत्या." आज्जीच्या कर्तबगारीबद्दल पुढे बोलूच. आधी थोडं गणित.

समजा एका माणसाचं डोकं वरून बघितलं तर २० सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद आहे. दुसऱ्याचं १९ सेंमी लांब आणि १६ सेंमी रुंद. दोन्ही लंबवर्तुळं आहेत असं धरून परीघ काढा. पहिल्याचा येतो साधारण ५५.३ सेंमी, दुसऱ्याचा ५५.१. फरक दोन मिलिमीटर! शिंप्याचा टेप यापेक्षा जास्त इकडेतिकडे होतो. पण पहिल्याचं हेल्मेट दुसऱ्याला घातलं तर रुंदीत एक सेंटिमीटर कमी पडणार, म्हणजे दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा सेंटिमीटर दाब. आणि लांबीत एक सेंटिमीटर मोकळं. कानशिलांवर चिमटा, कपाळापाशी फट. माझी केस अगदी हीच.

तर मग नुसता घेर मोजून साइज ठरवायची ही पद्धत आली कुठून? मला वाटतं, टोपीकडून. रहिमतपूरच्या बाजारात गांधी टोपी घ्यायला जा, दुकानदार नंबर विचारतो. तो नंबर घेराचा असतो आणि टोपीला तेवढा पुरतो, कारण टोपी कापडाची असते. गोल डोक्यावर ती गोल होते, लांबट डोक्यावर लांबट. फेट्याला तर तेवढीही गरज नाही, तो डोक्यावरच बांधतात. कापड डोक्याचं ऐकतं. हेल्मेट ऐकत नाही. आपण कापडाचा नंबर उचलला आणि कडक फोमला लावून मोकळे झालो.

गंमत म्हणजे कडक टोप्या बनवणाऱ्यांना ही भानगड केव्हाच कळली होती. १८४० च्या दशकात फ्रान्समधल्या हॅटवाल्यांनी 'कॉन्फॉर्मेटर' नावाचं यंत्र काढलं. ते गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवायचं, आतल्या पट्ट्या डोक्याला चिकटून सरकायच्या आणि वरच्या कागदावर टाचण्यांनी डोक्याचा छोटा नकाशा उमटायचा. त्यावर हॅटला आकार द्यायचा. म्हणजे साहेबाची हॅट नीट बसावी म्हणून जेवढी काळजी १८० वर्षांपूर्वी घेतली गेली, तेवढी आज जीव वाचवणाऱ्या वस्तूसाठी घेतली जात नाही.

'थोडंसं टोचलं तर काय बिघडलं?' असं कुणी म्हणेल. बिघडतं. सायकलच्या हेल्मेटचं मुख्य काम करतो तो आतला जाड फोम. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याचाच हा घट्ट, दाबून बनवलेला प्रकार. डोकं आपटलं की हा फोम चिरडतो आणि चिरडता चिरडता डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त देतो. बस, एवढीच जादू. अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या नियमानुसार हेल्मेट आत खोटं डोकं घालून दोन मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर पाडतात आणि आतल्या डोक्याला बसणारा धक्का ३०० 'जी' च्या वर जाता कामा नये. पण हे सगळं हेल्मेट जागेवर असेल तर! आत फट असेल तर पडताना ते सरकणार, मागे जाणार, आणि नेमकं कपाळ उघडं पडणार.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी १९९९ साली सायकलवरून पडलेल्या मुलांच्या हेल्मेटचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं हेल्मेट नीट बसत नव्हतं त्यांना डोक्याला इजा होण्याचा धोका नीट बसणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. आणि त्यातलं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं: डोक्याला इजा झालेल्या मुलांची हेल्मेटं त्यांच्या डोक्यापेक्षा रुंदीला जास्त मोठी होती. रुंदीला! घेरानं साइज ठरवली की जी गोष्ट दिसतच नाही, नेमकी ती.

आता ते 'खोटं डोकं'. धातूचं बनवलेलं असतं, इंग्रजीत हेडफॉर्म म्हणतात. ५० सेंमी घेरापासून ६२ सेंमीपर्यंत त्याची ठरावीक मापं आहेत. पण बघायला गेलं तर ही भावंडं लहान-मोठी आहेत, घडण साधारण एकच. एकच डोकं झूम करून लहान-मोठं केल्यासारखं. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. क्लायंट सांगतो प्रोग्रॅम चालत नाही, आणि डेव्हलपर म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालतोय!' हेल्मेटवरचा टेस्टचा शिक्का म्हणजे बरोबर तेच वाक्य आहे. त्यांच्या डोक्यावर चालतंय. तुमच्या डोक्यावर चालेल का, ते तुम्ही बघा.

मग आपल्या डोक्यांची मोजमापं कुणी घेतलीच नाहीत का? इथे खरी कहाणी सुरू होते. घेतली, भरपूर घेतली. फक्त टोपी घालण्यासाठी नाही, शिक्का मारण्यासाठी.

डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले १०० या आकड्याला 'शीर्ष निर्देशांक' म्हणतात. ७५ च्या खाली लांबट डोकं, ८० च्या वर रुंद, मधलं मध्यम. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी हिंदुस्थानातल्या माणसांची डोकी आणि नाकं मोजून त्यांना वंशांच्या खणांत बसवलं. १९०८ साली त्यांचं 'द पीपल ऑफ इंडिया' हे पुस्तक आलं. पश्चिम हिंदुस्थानातली डोकी त्यांना रुंद वाटली आणि तेवढ्यावरून त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांना आणि कुणब्यांना शक-द्रविड ठरवून टाकलं. म्हणजे आपल्या डोक्याची रुंदी सव्वाशे वर्षांपूर्वीच साहेबाच्या लक्षात आली होती. त्यातून त्यांनी मध्य आशियातले शक शोधले, कुणाला काय टोचतंय ते नाही!

पुढे आपल्याच माणसांनी या हिशोबाची झडती घेतली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली रिस्लींचेच आकडे पुन्हा तपासले. ज्यांचं शाळेतलं नाव १९०० साली साताऱ्यात नोंदलं गेलं, त्या डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये याच जातीच्या मोजमापांचा आधार घेऊन दाखवून दिलं की अस्पृश्यांचा वंश वेगळा आहे हे म्हणणं टिकत नाही. ज्या हत्यारानं शिक्का मारला, तेच हत्यार त्यांनी उलटं फिरवलं.

आणि इरावती कर्वे. आपण त्यांना 'युगान्त' मुळे ओळखतो. पण त्यांचं शास्त्रीय काम सुरू झालं ते कवट्या मोजण्यापासून. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. फिशर यांची कल्पना अशी की गोऱ्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूत जो असमानपणा असतो तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि सरळ लिहून दिलं की अशा असमानपणाचा वंशाशी संबंध दिसत नाही. गाइडच्याच लाडक्या थिअरीला पीएचडीच्या प्रबंधात 'नाही' म्हणायचं, तेही त्या काळच्या जर्मनीत! हेल्मेटच्या दृष्टीनं त्यांच्या प्रबंधाच्या विषयातच एक सोपी गोष्ट आहे: डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असलेलं डोकं ही कल्पनाच. थोडंफार वाकडं सगळ्यांचंच असतं.

नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या माणसांची मोजमापं घेतली. वि. म. दांडेकरांबरोबरचं त्यांचं 'अँथ्रोपोमेट्रिक मेझरमेंट्स ऑफ महाराष्ट्र' १९५१ साली प्रसिद्ध झालं. हे तेच दांडेकर, ज्यांनी पुढे नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ साली गरिबीवरचा गाजलेला अभ्यास केला. पण या मोजणीतही माणसांची वाटणी जातवार होती, कारण प्रश्नच जातींच्या नात्यांचा होता. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये इरावतीबाईंचं नाव घेतात. डोकी मोजणारी बाई स्कूटरवर, आणि तरी त्या डोक्यांना बसेल असं हेल्मेट ही कल्पना कुणाच्या मनात आली नसणार. काळच तसा होता.

आता आज्जीच्या उशीकडे येऊ. १९१० च्या सुमारास फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मिळून सुमारे १८,००० डोकी मोजली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांच्या डोक्यांहून थोडी वेगळी निघाली. वंशाचा कायमचा ठसा म्हणून जे मिरवलं जात होतं, ते एका पिढीत हललं. १९९४ पासून अमेरिकेत 'बाळाला उताणं झोपवा' ही मोहीम सुरू झाली, पाळण्यातले मृत्यू त्यानं घटले आणि मागून चपट्या डोक्यांची बाळं मात्र जास्त दिसू लागली. तेव्हा आईच्या निदानाला अगदीच हसू नका. डोक्याच्या आकारात आईवडिलांचं देणं असतंच, पण कुठल्या कुशीवर, कशावर झोपवलं याचाही त्यात थोडा हात असतो. आणि म्हणूनच 'अमक्या समाजाचं डोकं असं' हा विचार हेल्मेटवाल्याच्या काहीही कामाचा नाही. एकाच आईच्या दोन मुलांत फरक पडतो, तिथे समाजाचं काय घेऊन बसलात?

मग उपयोगी मोजणी कशी असते? चीनचं उदाहरण बघा. स्नोबोर्डिंगची हेल्मेटं डिझाइन करणाऱ्या रॉजर बॉल यांनी हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातून 'साइज चायना' हा प्रकल्प केला. २००६ मध्ये चीनमधल्या ६ शहरांत सुमारे २,००० माणसांच्या डोक्यांचे थ्रीडी स्कॅन घेतले. २०१० साली पाश्चात्त्य डोक्यांशी केलेली तुलना प्रसिद्ध झाली: चिनी डोकी जास्त गोल, कपाळ आणि मागची बाजू जास्त चपटी. त्या स्कॅनमधून नवे हेडफॉर्म बनले. लांबी-रुंदीचे दोन आकडे नाहीत, तर अख्खा पृष्ठभाग. पुढे ऑस्ट्रेलियात, जिथे व्हिक्टोरिया राज्यानं १९९० मध्येच सायकलला हेल्मेट सक्तीचं केलं, मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली 'हेल्मेट फिट इंडेक्स' मांडला. डोक्याचा स्कॅन आणि हेल्मेटचा आतला भाग कॉम्प्युटरवर एकात एक ठेवायचे, मधली फट किती आणि ती सगळीकडे सारखी आहे का ते बघायचं, आणि मार्क द्यायचे. मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. 'बसतंय' हा शब्द त्यांनी टेस्ट करता येईल असा करून टाकला.

आपल्याकडे काय आहे? अहमदाबादच्या एनआयडीनं १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं, ते आजही डिझायनरांच्या टेबलावर असतं. अलीकडे निफ्टनं कपड्यांच्या साइजसाठी 'इंडियासाइज' हे सर्वेक्षण हाती घेतलं. २५,००० माणसं, ६ शहरं, थ्रीडी स्कॅनर. चांगलंच आहे. पण ते कपड्यांसाठी आहे आणि त्या ६ शहरांत महाराष्ट्राचं शहर एकच, मुंबई.

म्हणून माझी मागणी. डोकी पुन्हा मोजा, पण या वेळी हेल्मेटसाठी मोजा. मुंबईबरोबर रहिमतपूर, म्हसवड, विटा अशा गावांतही मोजा, कारण सायकल शाळेत नेणारी मुलं इथेच आहेत. रयतच्या शाळांचं जाळं साताऱ्यापासून पसरलेलं आहे, आयआयटी मुंबईची आयडीसी १९६९ पासून डिझाइन शिकवतेय, वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय पुण्यात आहे. माणसं आणि अक्कल दोन्ही इथेच आहेत. मुली आणि बायकांना वेणी-अंबाड्यासकट विचारात घ्या. फॉर्मवर जात आणि धर्म हे रकानेच ठेवू नका. वय, लिंग आणि आकार, बास. त्यातून जे सात-आठ नमुन्याचे आकार निघतील ते सगळ्यांना फुकट द्या, म्हणजे छोटा कारखानदारही वापरू शकेल.

स्कॅन म्हटलं की तुमच्यातले निम्मे जण प्रायव्हसीवर येणार, आणि यायलाच हवं. उत्तर सोपं आहे. हेल्मेटला चेहरा लागत नाही. भुवयांच्या वरचा भाग ठेवा, खालचा जागच्या जागी डिलीट करा. जो डेटा गोळाच केला नाही तो लीक होत नाही, हे आपल्या धंद्यात आपण रोज शिकतो. (शिकतो म्हणजे, शिकायला हवं. :))

दुसरा आक्षेप: 'मागे फिरवायची चकती असते ना, घट्ट करा.' चकतीनं आतली प्लॅस्टिकची रिंग आवळते, फोमचा आकार तोच राहतो. लांबट फोममध्ये गोल डोकं आवळून बसवलं की चिमटा वाढतो, फट जात नाही. तिसरा: 'एशियन फिट मिळतं की!' मिळतं, पण आशिया म्हणजे चीन-जपान नव्हे. कुणाला बसेलही. बसणं न बसणं नशिबावर सोडायचं नसेल तर मोजावं लागेल. चौथा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: आधी रस्ते सुधारा. नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक हेल्मेटशिवाय सायकल चालवतात, कारण रस्ता त्यांना सांभाळतो. आपला रस्ता सांभाळायला लागेपर्यंत डोकं आपल्यालाच सांभाळायचं आहे.

आणि हे सर्वेक्षण होईल तेव्हा होईल. एक गोष्ट मात्र कंपन्यांना पुढच्या महिन्यातही करता येईल, खर्च एका स्टिकरचा. हेल्मेटच्या आत घेराच्या आकड्याशेजारी दोन आकडे छापा: आतली लांबी आणि आतली रुंदी. गिऱ्हाइकानं घरून मापं घेऊन यावं. त्याला यंत्र लागत नाही. दोन जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्या, एक कपाळाला आणि एक मागे टेकवा, दुसऱ्या कुणाला तरी मधलं अंतर मोजायला सांगा. मग तीच पुस्तकं कानांच्या वर दोन्ही बाजूंना. रुंदीला लांबीनं भागा, शंभरनं गुणा. आकडा ८० च्या वर गेला तर लांबट हेल्मेट तुम्हाला चावणार, आणि ७५ च्या खाली असेल तर गोल हेल्मेट डोक्यावर डुलणार, हे दुकानात जायच्या आधीच समजेल.

पुढच्या वेळी हेल्मेट घ्यायला गेलात की दुकानदाराला 'साइज काय' विचारू नका, 'आतली रुंदी किती' विचारा. तो गोंधळेल. पण दहा जणांनी विचारलं की तो डीलरला विचारेल, आणि डीलर कंपनीला. सक्तीवरून भांडायला आपल्याला वेळ आहेच, त्यातला थोडा या प्रश्नाला द्या.